मतदानाची सक्ती आणि आपली ग्रामसभा

(तळेघर येथे २५ जानेवारी २०२० रोजी, मतदार दिनाच्या दिवशी झालेल्या कार्यकर्ता शिबिरातले भाषण. बोलले तसेच लिहून काढले आहे. पुन्हा पुन्हा आलेला मजकूर तेवढा गाळला आहे.)



मला विषय दिलाय, मतदान सक्तीचं केलं तर लोकशाही मजबूत होईल का कमजोर होईल. मी बारावी शिकलेली. वकिली शिकलेली नाही. पण गेली चार वर्षं वनहक्काच्या दाव्यांच्या फायली घेऊन फिरते आहे. त्यामुळं कायद्यात काय लिहिलेलं असतं आणि वाडीवर काय घडतं, यातलं अंतर थोडं कळायला लागलंय. तेवढ्या भांडवलावर बोलते. चुकलं तर मधेच थांबवा.

आधी एक गोष्ट कबूल करते. सक्तीच्या बाजूनं मी स्वतः एकदा उभी राहिले होते. मतदानासाठी नाही, ग्रामसभेसाठी. आपल्याच माणसांना दंड लावा असं मीच सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते पुढं सांगते.

आता हा सक्तीचा विषय कुठून आला? आपल्या शेजारच्या गुजरातनं हे करून पाहिलं. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या विधानसभेनं कायदा मंजूर केला, की ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकांत मतदान सक्तीचं. तेव्हाच्या राज्यपालांनी सही केली नाही. विधानसभेनं पुन्हा मंजूर केला. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्या राज्यपालांची सही झाली. मत न देणाऱ्याला १०० रुपये दंड ठरला. कायद्यात त्या माणसाला कसूरदार मतदार म्हणून जाहीर करायची सोय होती. त्यानं मग कागदपत्रं लावून सिद्ध करायचं, की मी आजारी होतो किंवा राज्याबाहेर होतो. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात हायकोर्टानं याला स्थगिती दिली. मत देण्याचा हक्क आहे, म्हणजे न देण्याचाही आहे, हा तिथला मुख्य मुद्दा. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राच्या विधी आयोगानंही आपल्या २५५ व्या अहवालात सक्ती नको म्हणून सांगितलं होतं.

म्हणजे कायदा आज अडकलेला आहे. पण विचार मेलेला नाही. दर निवडणुकीत टक्का घसरला की कोणीतरी म्हणतंच, लोक आळशी झालेत, सुट्टी घेऊन फिरायला जातात, यांना सक्तीच पाहिजे.

फिरायला कोण जातं? गेल्या वर्षीच्या लोकसभेचं बघा. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त मतदान गडचिरोली-चिमूरला झालं, ७२ टक्क्यांच्या आसपास. तिथं नक्षलवाद्यांचा बहिष्कार होता, काही भागात मतदान दुपारी तीनलाच बंद करायचं होतं, माणसं रानातून चालत आली. आणि पुणे शहरात, जिथं गल्लीच्या तोंडाशी शाळा आणि शाळेत मतदान केंद्र, तिथं जेमतेम निम्म्या लोकांनी मत दिलं. तेव्हा गरीब माणूस मत देत नाही, आदिवासीला लोकशाही कळत नाही, हे कोणी म्हणालं तर त्याला हे दोन आकडे सांगा.

पण आपल्यातलीही माणसं मतदानाला चुकतात. ती का चुकतात ते माझ्या घरचंच सांगते.

आपल्या शिरूर मतदारसंघाचं मतदान २९ एप्रिलला होतं. आमचं गाव डिंभ्याच्या पाण्याच्या मागच्या अंगाला. भाताचं खळं झालं की गाव रिकामं व्हायला लागतं. नारायणगावच्या अड्ड्यावर उभं राहायचं, तिथून जो बागायतदार नेईल तिकडं द्राक्षं, टोमॅटो, कांदा. एप्रिलात माझे आई-बाबा आणि भाऊ कांदा काढणीला होते. आभाळ भरून आलेलं. मालकाला कांदा आत घ्यायची घाई. मुकादमानं सांगितलं, जाणाऱ्यांनी जावं, पण आठवड्याचा हिशोब मोडेल. जायला एक दिवस, यायला एक दिवस, एसटीचं भाडं, तिघांची मजुरी बुडणार. ते आले नाहीत. घरी होती ती आजी आणि मी. आजी काठी टेकत केंद्रावर गेली आणि बोटाची शाई दिवसभर सगळ्यांना दाखवत बसली.

बाबा आजही म्हणतात, "यंदाचं मत चुकवायचं नव्हतं." कारण तुम्हाला आठवत असेल. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता, ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झालेत त्यांना जमिनीवरून काढा. देशभरातली दहा लाखांवर दाव्यांची गोष्ट. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, पण त्या पंधरा दिवसांत आपल्या वाड्यांवर कोणाला झोप नव्हती. आमचाही दावा तेव्हा परत आलेला होता. ज्या माणसाची जमीन टांगणीला लागली होती, त्याला मत द्यायचंच होतं, आणि तोच मत देऊ शकला नाही.

आता सक्तीचा कायदा असता तर? आमच्या घराला ३०० रुपये दंड. आणि बाबा राज्यातच होते, आजारी नव्हते, म्हणजे सवलत नाही. ज्या दिवशी केंद्रावर जायचं त्या दिवशी कांद्याच्या वाफ्यात, आणि पुढं दंड माफीचा अर्ज घेऊन आणखी एक दिवस कचेरीच्या दारात. मुकादमाला मात्र कोणी काही विचारणार नाही.

खरं तर मुकादमाला आणि मालकाला विचारायचा कायदा आजही आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५-ब. लिहून घ्या. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची. रोजंदारीवाल्यालाही द्यायची. नाही दिली तर मालकाला ५०० रुपयांपर्यंत दंड. हे कलम १९९६ पासून आहे. तुमच्यापैकी कोणाला कांद्याच्या शेतात, वीटभट्टीवर अशी भरपगारी सुट्टी मिळाली असेल तर हात वर करा. (एकही हात वर झाला नाही.) बघा. म्हणजे सक्ती आहेच, पण ती ताकदवाल्यावर आहे, म्हणून ती कागदावर राहते. आणि नवी सक्ती आली की ती अंमलात येईल, कारण ती आपल्यावर असेल.

कातकरी बांधवांचं तर याच्या पलीकडचं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडाला परत यायचं. मतदार यादीची तपासणी होते तेव्हा घराला कुलूप, किंवा घरच नाही. कितीतरी जणांची नावंच यादीत नाहीत. त्यांना दंड होणार नाही, कारण सरकारच्या लेखी ते नाहीतच. सक्तीनं यादीतल्या माणसाला ओढून आणता येईल. यादीबाहेरचा बाहेरच राहणार.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. सक्तीवाले ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतात. तिथं १९२४ पासून सक्ती आहे, मत न देणाऱ्याला २० डॉलर दंड आहे, आणि मतदान ९० टक्क्यांच्या वर जात आलंय. त्यांचं म्हणणं, सगळेच मत देतात म्हणून पुढाऱ्याला सगळ्यांचाच विचार करावा लागतो. हे म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं. म्हणून मी त्याची माहिती काढली. तिथं मतदान शनिवारी असतं. आधी मत देता येतं, टपालानं देता येतं, लांबच्या वस्त्यांवर मतपेटी घेऊन कर्मचारी जातात. म्हणजे सक्ती मतदारावर आहे तसं ओझं सरकारनंही उचललंय.

पण त्याच ऑस्ट्रेलियाची आणखी एक गोष्ट आहे. १९२४ ला सक्ती आली तेव्हा तिथल्या बहुतेक आदिवासींना मताचा हक्कच नव्हता. देशाच्या निवडणुकीत त्या सगळ्यांना मत १९६२ ला मिळालं. आणि इतरांसारखं यादीत नाव असणं बंधनकारक झालं ते १९८४ ला. म्हणजे कितीतरी वर्षं टक्का ९० च्या वर आणि जमिनीचे मूळ मालक मोजणीच्या बाहेर. नुसता आकडा मोठा झाला म्हणजे लोकशाही मोठी झाली, असं होत नाही.

दुसरं ते म्हणतात, सक्ती झाली की पैशाचा खेळ थांबेल, लोकांना गाड्या भरून आणावं लागणार नाही. आपल्याकडचं आपल्याला माहीत आहे. आदल्या रात्री जे पाकीट येतं ते आपण केंद्रावर यावं म्हणून येत नाही. आपण कुठलं बटण दाबावं म्हणून येतं. सगळे येणारच म्हटल्यावर पाकिटं वाढतील, कमी होणार नाहीत.

आता बहिष्काराचं बोलते. इथं बसलेल्या पोरांना ते हवंय, मला माहीत आहे. जिथं रस्ता नाही, पाणी नाही, दावे पडून आहेत, तिथं गावं मतदानावर बहिष्काराचं पत्र देतात. एरवी जे साहेब फिरकत नाहीत ते त्या पत्रानंतर गाडी घेऊन गावात येतात, चटईवर बसतात, चहा पितात. गरिबाच्या हातातलं ते एक हत्यार आहे. सक्ती झाली तर हत्यार बाळगल्याबद्दलच दंड होईल. म्हणून त्या हक्काच्या बाजूनं मी उभी राहीन. पण पोरांनो, दरवेळी ते हत्यार उपसू नका. आपण घरी बसलो म्हणून निवडणूक थांबत नाही. ज्याला आपली जमीन नको आहे त्याची चार मतं वाढल्यासारखीच होतात.

नोटाचं बटण २०१३ पासून आलं. गेल्या ऑक्टोबरच्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडली, दुसरा नंबर आला. पण विधानसभेला, लोकसभेला नोटा पहिली आली तरी खालचा उमेदवार निवडून येतो. आपल्या राज्याच्या निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं, की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. एवढं तरी पुढं पाऊल पडलंय. ते माहीत असू द्या.

आता माझ्या चुकीकडं येते.

आमच्या वाडीचे दावे परत आले त्याचं कारण कागदावर एका ओळीत होतं, ग्रामसभेचा कोरम अपुरा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. २०१२ च्या सुधारित नियमात तसं आहे. आमच्या ठरावाखाली तेवढ्या सह्या-अंगठे नव्हते. मला इतका राग आला. रात्रंदिवस फायली मी लिहिल्या, नकाशे काढले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, आणि माणसं दोन तास येऊन बसली नाहीत. मी वाडीच्या बैठकीत उठून म्हणाले, जे घर ग्रामसभेला येणार नाही त्याला ५० रुपये दंड. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं.

पुढच्या सभेला कोरम भरला. माणसं आली, सही केली, भिंतीला टेकून बसली. कोणाच्या बांधाचा वाद आहे का विचारलं, कोणी बोललं नाही. जंगलातला कुठला भाग सामूहिक दाव्यात घ्यायचा विचारलं, कोणी बोललं नाही. बाया मागं उभ्या राहून सारख्या उन्हाकडं बघत होत्या, कधी संपतंय म्हणून. रजिस्टर भरलं होतं आणि सभा रिकामी होती. आणि एक घर आलंच नाही. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एकटी बाई राहते, दोन लेकरं घेऊन. चार दिवसांनी ती ५० रुपये पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात द्यायला आली. म्हणाली, "बाई, हे घे, पण माझं नाव काढू नको." मी विचारलं, आली का नाहीस? ती म्हणाली, "हिरडा गोळा करायचे चार दिवस आहेत. सभा सकाळी अकराला. मी कधी येऊ?"

मला त्या दिवशी लाज वाटली. ती का आली नाही, हे मी आधी विचारलंच नव्हतं. दंड ठरवल्यामुळं विचारायची गरजच मला वाटली नव्हती. पैसे परत केले. आजी घरी हे ऐकून म्हणाली, "पडकईला कधी दंड होता का गं?"

नव्या पोरांसाठी सांगते. डोंगर उतारावर भाताचं खाचर पाडायचं काम एका घराच्या हातून होत नाही. म्हणून पडकई. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या रानात सगळे. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. एखादं घर आलं नाही तर संध्याकाळी कोणीतरी त्याच्या दारात जातं, कोण आजारी आहे का, बैल पडला का बघायला. माणसं येतात, कारण आज घातलेली मेहनत उद्या आपल्या रानात परत येणार याची खात्री असते. ती खात्री गेली तर दंड लावूनही खाचर उभं राहणार नाही.

आम्ही दंड रद्द केला. सभा रात्री जेवणं झाल्यावर ठेवली, पंचायतीच्या कार्यालयात नाही, वाडीतल्या अंगणात. बायांची सभा आदल्या दिवशी वेगळी घेतली. ठराव आधी मोठ्यानं वाचला, मग सह्या. तीन रात्री बसलो. कोरम भरून वर माणसं झाली. भांडणं झाली, चांगली कडाकडा भांडणं झाली, कारण आता माणसं बोलत होती. आजीनं जुन्या पाणवठ्याची जागा दाखवली, ती नकाशात नव्हतीच. ते दावे आता पुन्हा वर गेलेत. निकाल अजून यायचाय. मंजूर होतील का नाही, मी सांगू शकत नाही. पण या वेळी कोरमचं कारण देऊन परत पाठवता येणार नाहीत.

एवढ्यावरून मी माझं मत सांगते. जो मताला आला नाही, त्याच्या न येण्यात एक माहिती असते. कुठं मजुरी बुडते, कुठं यादीत नाव नाही, कुठं केंद्र लांब आहे, कुठं माणसाचा विश्वासच उडालाय. दंड लावला की सरकारला ते विचारायची गरज उरत नाही. टक्का वर जातो आणि कारणं जमिनीत गाडली जातात. म्हणून माझ्या मते सक्तीनं लोकशाही कमजोर होते.

आणि सक्ती करायचीच असेल तर ती जिथं आज नाही तिथं करा. पेसा कायदा १९९६ चा. आपली गावं त्या कायद्याखाली येतात. वर्षातून चार वेळा तरी ग्रामसभा घ्यायची असते. पण काय होतं तुम्हाला माहीत आहे. साध्या ग्रामसभेला कोरम भरला नाही की ती तहकूब करायची, तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग चार जणांत ठराव आणि रजिस्टर घरोघर सहीला. ज्यांनी ग्रामसभा नीट घेतली नाही त्यांना दंड का नाही? आपला दावा वर्षानुवर्षं कपाटात ठेवला त्याला दंड का नाही? आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो ते गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. त्या वेळी कुठल्या ग्रामसभेला विचारलं होतं? पाच वर्षांतून एक दिवस मत घ्यायचं आणि उरलेल्या दिवसांत आमचं म्हणणं ऐकायचं नाही, यात कमी आहे ती आमच्या हजेरीची नाही.

ओडिशातल्या नियमगिरीचं नाव तुम्ही ऐकलंय. डोंगरावर बॉक्साइटची खाण पाहिजे होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात १२ गावांत सभा झाल्या. पोलीस होते, न्यायाधीश होते, भर पावसात डोंगरिया कोंध बाया-बापे आले, एकेक जण उठून बोलला. बाराच्या बारा गावांनी नाही म्हणून सांगितलं, आणि खाण थांबली. तिथं माणसांना आणायला कोणाचा दंड लागला नाही. त्यांच्या शब्दावर काहीतरी ठरणार होतं, एवढं पुरलं.

आता कामाचं. उद्या २६ जानेवारी, गावोगाव ग्रामसभा आहे.

एक, उद्या रजिस्टरवर सही ठराव वाचून झाल्यावरच करा. सभा तहकूब करायला लागले तर पुढची तारीख आणि वेळ तिथंच मागा, आणि वेळ मजुरीवरून परतल्यावरची मागा.

दोन, मतदार यादी मागून घ्या, वाडीत मोठ्यानं वाचा. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचे आणि कातकरी वस्तीवरच्या सुटलेल्या माणसांचे नमुना सहाचे अर्ज भरा. भट्टीवर गेलेल्यांच्या घरी निरोप ठेवा.

तीन, पुढच्या निवडणुकीआधी नारायणगावच्या अड्ड्यावर कलम १३५-ब चा कागद वाटायचा. मुकादमाला एकट्यानं सांगितलं तर तो कामावरून काढील. सगळ्यांनी मिळून सांगायचं.

चार, सामूहिक दाव्यांची सभा ज्या वाडीत राहिली आहे त्यांनी आजच नावं द्या. आम्ही येऊ, रात्री येऊ.

आणि मत द्या. दंड नाही म्हणून घरी बसू नका. माझ्या बाबांनी यंदाच्या मताची हळहळ अजून धरून ठेवलीय. ती हळहळ आपल्याला कुठल्या दंडानं मिळालेली नाही. ती जमिनीतून आलेली आहे.

एवढं बोलते आणि थांबते.

ग्रामसभेचा हक्क, जिंदाबाद! जय आदिवासी!